कुत्र्याची छत्री, 1,850 डॉलर

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नशा आणणारे मश्रूम कायदेशीरपणे घ्यायची केंद्रं आहेत; सायलोसायबिन हे त्या मश्रूममधलं द्रव्य. हा त्यातल्या एका केंद्राचा रिव्ह्यू. आधीच सांगते, मी स्वतः काही घेतलेलं नाही. घेतलं आमच्या ह्यांनी. मी फक्त नेणारी-आणणारी. इथल्या नियमातच ते आहे: नंतर गाडी चालवायची नाही, घरी कोण नेणार ते आधी लिहून द्यायचं. तेव्हा हा रिव्ह्यू बाहेर थांबलेल्या बायकोचा आहे असं समजून वाचा. केंद्राचं नाव देत नाही, कारण कुरकुर बरीच करणार आहे आणि माणसं तशी भली होती.

आम्ही पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला एकवीस वर्षं आहोत. मी फार्मसीत काम करते. हे चिप बनवणाऱ्या कंपनीत होते. 2024 च्या कपातीत पॅकेज घेऊन बाहेर पडले आणि सोफ्यावर बसले ते बसलेच. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. गोळ्या सुरू करायला हे तयार नव्हते. त्याऐवजी पॉडकास्ट सुरू झाले. सकाळी चहाबरोबर एक, रात्री झोपताना एक. "अगं, एका डोसात माणसं बदलतात म्हणे." त्यात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लेख टाकला, खाली हात जोडलेल्या बारा इमोजी. झालं.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. श्रावणात वारुळावरची अळंबी आणायला आम्ही पोरं उजाडायच्या आत पळायचो. पण शेणावर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्रीला आई हात लावू द्यायची नाही. ओरेगनच्या कायद्यात मश्रूमची एकच जात चालते, सायलोसिबी क्युबेन्सिस, आणि ती निसर्गात शेणावरच उगवते. आई असती तर तिला हे बिल दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2020 च्या नोव्हेंबरात ओरेगनच्या मतदारांनी याला परवानगी देणारा 'मेझर 109' हा कायदा मंजूर केला आणि 2023 पासून परवानाधारक केंद्रं सुरू झाली. वय 21 पूर्ण हवं. आजाराचं निदान लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. विकत घेऊन घरी न्यायचं नाही, तिथेच घ्यायचं आणि फॅसिलिटेटरच्या, म्हणजे शेजारी बसणाऱ्या परवानाधारक माणसाच्या, देखरेखीखाली नशा उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. गेल्या तीस दिवसांत लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेतलं असेल किंवा कधी सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) त्रास झाला असेल तर परत पाठवतात. हे प्रश्न त्यांनी नीट, दोनदा विचारले. इथे मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

तयारीची बैठक व्हिडिओ कॉलवर झाली. दीड तास. त्यात एक फॉर्म असा की मला हसू आलं आणि मग आवडलाही: घाबरल्यासारखं झालं तर हात धरलेला चालेल का, खांद्यावर हात ठेवलेला चालेल का, पावलांवर? प्रत्येकापुढे वेगळी सही. ह्यांनी हाताला हो म्हटलं, पावलांना नाही. "पायाला कोणी हात लावलेला मला आवडत नाही," असं त्या बाईंना इंग्रजीत समजावत बसले.

मार्चमधला शनिवार. पूर्व पोर्टलंडमधलं जुनं लाकडी घर, आत उदबत्तीचा वास, कोपऱ्यात गणपती, बाजूला तिबेटी वाटी. भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, तोंडात विडी, खाली नाव नाही. मी विचारलं. फॅसिलिटेटर म्हणाली, मारिया सबिना. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातलं वाउत्ला गाव. ही बाई तिथे आजाऱ्यांसाठी रात्रभर मश्रूमचा विधी करायची. गॉर्डन वॉसन नावाचा न्यूयॉर्कचा बँकवाला तिच्याकडे बसून आला आणि 1957 साली 'लाइफ' मासिकात त्यानं सचित्र लेख लिहिला. मग परदेशी तरुणांची रीघ लागली, पोलीस आले, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं गेलं. ती गरिबीतच गेली. मी विचारलं, "तुमच्या फीमधले किती तिकडे जातात?" बाई जरा थांबून म्हणाली, "काहीच नाही." खोटं बोलली असती तर मी ह्यांना घेऊन परत निघाले असते.

डोस 25 मिलिग्रॅम सायलोसायबिनचा. हा आकडा मला ओळखीचा होता. 2022 साली 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात 233 जणांवरचा अभ्यास आला होता, गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्याचा. 25 मिलिग्रॅमवाल्यांपैकी 29 टक्क्यांची लक्षणं तीन आठवड्यांनी जवळपास गेली होती, नाममात्र 1 मिलिग्रॅमवाल्यांत 8 टक्क्यांची. पण लक्षणं निदान निम्म्यानं कमी होऊन बाराव्या आठवड्यापर्यंत तशीच राहिली, असे 25 मिलिग्रॅमवाल्यांत फक्त 20 टक्के. पॉडकास्टवाले पहिला आकडा सांगतात आणि जाहिरात सुरू होते.

मला आत बसता आलं नाही. मी हॉथॉर्न रस्त्यावरच्या पॉवेल्स या पुस्तकांच्या दुकानात गेले, तिथे मश्रूमवरच्या पुस्तकांचाच एक खण भरलेला. परत गाडीत येऊन बसले, डब्यातली खिचडी खाल्ली. सहा तास फार मोठे असतात. डोक्यात नको ते येत राहतं. 2023 च्या ऑक्टोबरात ड्यूटीवर नसलेल्या एका वैमानिकानं कॉकपिटमध्ये बसून चालू विमानाची इंजिनं बंद करायचा प्रयत्न केला होता. विमान आमच्याच पोर्टलंडला उतरवलं. दोन दिवसांपूर्वी त्यानं मश्रूम घेतले होते, मित्रांबरोबर, कुठल्याही केंद्राबाहेर.

आत काय झालं ते मला दोन बाजूंनी कळलं. ह्यांचं म्हणणं, पहिला तासभर मळमळ आणि थंडी. मग त्यांच्या यादीतलं संगीत लागलं, त्यात गायत्री मंत्र. "धियो यो नः"ची अशी काही वाट लावली होती की हे त्या अवस्थेत उठून बसले आणि म्हणाले, बंद करा. पुढचे पाच तास शांतता. तो चुकीचा मंत्र कानातून जाईना म्हणून घरी आल्यावर दोन दिवस हे बरोबर उच्चारात मोठ्यानं म्हणत होते, शिक्षा मला.

फॅसिलिटेटरचं म्हणणं वेगळं. मधला बराच वेळ हे मराठीतच बोलत होते. तिला एक शब्द कळत नव्हता. तरी ती हात धरून बसली, फोनकडे पाहिलं नाही, आणि कानाला पडलं ते वहीत टिपत राहिली. तो कागद तिनं नंतर आम्हाला दिला. तिच्या स्पेलिंगमधून मी लावलेले शब्द: पुरे, दादा, पाणी नको, चाक, दादा, चाक. 'चाक' काय ते मला सांगितलं नाही. पण घरी आल्यावर इचलकरंजीला थोरल्या भावाला फोन लावला आणि तासभर गॅरेजमध्ये जाऊन बोलत होते. तीन वर्षांत दोघं नीट बोलले नव्हते.

एप्रिलभर माणूस वेगळा होता. सहाला उठणं, वाफे खणणं, मेथी पेरणं. जूनमध्ये परत सोफा, पूर्वीपेक्षा अर्धा. भावाचा फोन मात्र दर रविवारी चालू आहे.

आता पैसे. एकूण 1,850 डॉलर. विमा एक पैसा देत नाही, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या लेखी हे अजून बेकायदेशीरच आहे. बिल नीट वाचलं तर त्यात मश्रूमचे होते 110. बाकी सगळे त्या बाईच्या तासांचे, खोलीचे आणि परवान्यांचे: केंद्राला वर्षाला 10,000 डॉलर, फॅसिलिटेटरला 2,000. म्हणजे आम्ही मश्रूमला पैसे दिलेच नाहीत म्हणा. आम्ही पैसे दिले एका माणसानं सहा तास शेजारी बसण्याला.

आणि माझं भांडण इथेच आहे. गाजावाजा चाललाय तो त्या 110 डॉलरांचा. तो भाग स्वस्त आहे, खिशात मावतो, कुठेही पोचतो. शेजारी बसणारा माणूस पोचत नाही. 2022 च्या शेवटी पोर्टलंडमध्येच एका दुकानानं राजरोस मश्रूम विकायला काढले तर फुटपाथवर रांगा लागल्या, डिसेंबरात धाड पडेपर्यंत. 2024 च्या उन्हाळ्यात मश्रूमचं नाव सांगून विकलेल्या चॉकलेटांनी दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि माल परत मागवावा लागला. आमच्या काउंटरवर तेव्हा पोरं येऊन विचारायची, "हे नैसर्गिकच ना?" धोतराही नैसर्गिकच.

मेमध्ये पुण्याहून पुतण्याचा फोन. "काकू, काकांनी केलं ना? गोव्यात आमच्या ओळखीचा एक जण देतो, हजारात काम." मी विचारलं, शेजारी कोण बसणार? म्हणाला, मित्र. मित्र काय घेणार? तेच. मग मी त्याला एनडीपीएसची, म्हणजे भारताच्या अमली पदार्थ कायद्याची, यादी वाचून दाखवली, त्यात सायलोसायबिन आहे, आणि वहिनींना फोन करून घरात कोणाला वेड लागलं होतं का ते विचारलं. तो आता माझ्याशी बोलत नाही. चालेल.

तरी बंद करा असं मी म्हणणार नाही. गाजावाजा झाला नसता तर मतदान झालं नसतं, फॉर्म नसता, पावलांवरची सही नसती. ती बाई नसती.

जाणार असाल तर: एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आधी वकिलाला विचारा, राज्यात चालतं म्हणून इमिग्रेशनला चालत नाही. आम्ही नागरिक आहोत म्हणून गेलो. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर पॉडकास्ट ऐकून स्वतःच्या मनानं बंद करू नका, असे लोक मी काउंटरवर पाहिलेत. बाथरूम स्वच्छ, पांघरूण उबदार, आल्याचा चहा पाणचट. पार्किंग रस्त्यावर, मर्यादा दोन तास, सेवा सहा तासांची. गाडी तीनदा हलवली.

पाचपैकी साडेतीन. चार दिले असते, गायत्री मंत्राचा अर्धा कापला. रिव्ह्यू लिहिलात तर पुढच्या वेळी 10 टक्के सूट असा त्यांचा ईमेल आलाय. हा मराठीत आहे, त्यामुळे सूट मिळेलसं वाटत नाही.