फुकेत ते फी फी स्पीडबोट सहल: पाहायला पैकीच्या पैकी, स्नॉर्केलिंगला जेमतेम पास

थायलंडमधल्या फुकेत बेटावरच्या कुठल्याही हॉटेलच्या काउंटरवर फी फी बेटांच्या एक दिवसाच्या सहलीची पत्रकं रचून ठेवलेली असतात. कंपन्या वेगवेगळ्या, कार्यक्रम मात्र जवळपास एकच: माया बे, पिले लगून, व्हायकिंग केव्ह, मंकी बीच, फी फी डॉन बेटावर जेवण, मध्ये एक-दोन ठिकाणी स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) आणि परतताना बांबू आयलंड किंवा खाई बेट. दर माणशी ढोबळमानाने १,५०० ते ३,५०० बाथ. दुप्पट पैसे मोजले म्हणून दुप्पट बेटं दिसत नाहीत. जास्तीचे पैसे जातात ते लवकर सुटणाऱ्या आणि कमी माणसं घेणाऱ्या बोटीला, आणि ते द्यावेत असंच आमचं मत आहे. मात्र पत्रकावरच्या रंगीबेरंगी प्रवाळांचा फोटो पाहून बुकिंग करणार असाल तर जरा थांबा. ही सहल डोळे भरून बघायची आहे; स्नॉर्केलिंग तिच्यात तोंडी लावण्यापुरतं आहे.

आधी वेळेचं बोलू, कारण निम्मी मजा तिच्यावर ठरते. फी फी फुकेतपासून साधारण ४५ किलोमीटर. शांत समुद्रात स्पीडबोटीला पाऊण ते एक तास लागतो, मोठ्या फेरीबोटीला दोन तास. नेहमीच्या सहली सकाळी साडेआठ-नऊला सुटतात आणि सगळ्याच्या सगळ्या दहाच्या सुमारास माया बेच्या तोंडाशी येऊन ठाकतात. ‘अर्ली बर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बोटी सहा-साडेसहाला निघतात आणि ही गर्दी यायच्या आत बाहेर पडतात. त्यासाठी पातोंग, काता, कमलाकडच्या हॉटेलांतून पहाटे पाचला गाडीत बसावं लागतं, कारण पर्यटकांची हॉटेलं बेटाच्या पश्चिमेला आणि बोटींचे धक्के पूर्वेला. वर ती गाडी वाटेत आणखी चार-पाच हॉटेलं करत जाते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर याचा विचार आधी करा. फुकेतऐवजी मुख्य भूमीवरच्या क्राबी प्रांतात, आओ नांगला उतरला असाल तर तिथूनही याच सहली निघतात. आणि एक रात्र फी फी डॉनवरच काढता आली तर त्याहून बरं: सकाळी तिथूनच लाँगटेल (स्थानिक लाकडी) बोट ठरवायची. गोंगाट करते, हळू जाते, पण फुकेतच्या बोटी यायच्या आत तुम्ही लगूनमध्ये असता.

माया बेबद्दल लोकांच्या मनात अजून जुनं चित्र आहे. बोट थेट वाळूवर, आणि उडी मारली की हिरव्या पाण्यात. ते दिवस संपले. रोज हजारो माणसं आणि बोटींचे नांगर यांनी प्रवाळांची पार वाट लावली म्हणून जून २०१८मध्ये हा किनारा बंद केला आणि तो जानेवारी २०२२मध्ये उघडला. आता बोटी पुढच्या बाजूने आत येतच नाहीत. माया बे ज्या फी फी ले बेटावर आहे त्याच्या मागच्या अंगाला लो समा बेमध्ये तरंगता धक्का आहे, तिथे उतरायचं, झाडीतल्या लाकडी वाटेने काही मिनिटं चालायचं आणि मग माया बे समोर येतो. पोहायला पूर्ण बंदी. गुडघाभर पाण्यापर्यंत जाता येतं. त्यापुढे गेलात की रखवालदाराची शिट्टी वाजते. या बंदीचं फळ डोळ्यांना दिसतं: काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क अगदी उथळ पाण्यात फिरताना दिसतात, विशेषतः सकाळी शांतता असताना. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत.

एक लबाडी मात्र ओळखून ठेवा. माया बे दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने बंद असतो. त्या काळातही पत्रकावर ‘माया बे’ छापलेलंच असतं. प्रत्यक्षात बोट खाडीच्या तोंडाशी थांबते, लांबून फोटो काढायला देते आणि पुढे जाते. काउंटरवर ‘माया बेला जाणार का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येणार. ‘उतरवणार का?’ असं विचारा.

आता बोट. बहुतेक स्पीडबोटी दोन किंवा तीन आउटबोर्ड इंजिनांच्या, छत असलेल्या, तीस-चाळीस माणसांच्या. धक्क्यावर एका टोपलीत सगळ्यांच्या चपला गोळा करतात आणि अनवाणीच बोटीत चढायचं असतं; चपला जेवणाच्या बेटावर मिळतील की थेट संध्याकाळी, हे तेव्हाच विचारून घ्या. दुपारची वाळू चांगलीच चटका देते. प्रवाळाच्या तुकड्यांवर पाय कापतात ते वेगळंच. पातळ तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे पाण्याचे बूट बरोबर असले तर दोन्ही प्रश्न मिटतात.

जागा कुठे धरायची? पुढची मोकळी जागा फोटोत सुंदर दिसते आणि तरुण मंडळी तिकडेच धावतात. पण वेगात बोटीचं नाक वर उचलतं आणि लाटेवर दाणकन आपटतं. तो सगळा दणका पुढे बसलेल्यांच्या मणक्याला. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बोटीच्या मागच्या एक तृतीयांश भागात, छताखाली बसावं. अगदी शेवटच्या बाकावर नको, तिथे इंजिनाचा धूर येतो आणि मळमळ वाढते. गर्भवती स्त्रियांना बहुतेक कंपन्या स्पीडबोटीवर घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी मोठी फेरीबोट आहे. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे दिवस. तेव्हाही सहली चालतात, स्वस्तही मिळतात, पण लाटा मोठ्या, पाणी गढूळ आणि कार्यक्रम कधीही कापला जाऊ शकतो. ५ जुलै २०१८ला फुकेतजवळ वादळी हवेत पर्यटकांची बोट उलटून ४७ माणसं गेली. त्यामुळे कप्तानाने ‘आज नाही’ म्हटलं तर हुज्जत घालू नका, आणि सगळ्या बोटी थांबलेल्या असताना एखादा ‘मी नेतो’ म्हणाला तर त्याच्या बोटीत मुळीच चढू नका.

पिले लगून हा या सहलीचा खरा मानबिंदू. चहूबाजूंनी उभे चुनखडीचे कडे आणि मधे हिरवं-निळं स्थिर पाणी. माया बेपेक्षा इथे जास्त वेळ मिळावा, पण मिळतो तो वीस-पंचवीस मिनिटंच. आत जायची वाट उथळ आहे. ओहोटीच्या तळाला मोठी बोट आत पूर्णपणे जाऊ शकत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती जशी चढते तशी ओहोटीही खोल उतरते. तारीख निवडायची मोकळीक असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा आणि सकाळी पाणी भरलेलं असेल असा दिवस धरा. इथे पोहायला मिळतं. लाइफ जॅकेट घालूनच उतरा, कारण आत बोटींची ये-जा चालूच असते आणि केशरी जॅकेट चालकाला लांबून दिसतं.

व्हायकिंग केव्हमध्ये जाता येत नाही. पाकोळ्यांची घरटी काढण्याचा धंदा तिथे चालतो, त्यासाठी बांधलेल्या बांबूच्या परांच्या बोटीतून दिसतात. पाच मिनिटांत विषय संपतो. मंकी बीचवर माकडांना काहीही खायला घालू नका, पिशवीची चेन लावून ठेवा. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी लागते, आणि सुट्टीचे पुढचे दिवस इस्पितळाच्या फेऱ्यांत जातात. बोटीतूनच बघितलेली माकडं उत्तम.

स्नॉर्केलिंगकडे येऊ. पत्रकावर ‘४० मिनिटं’ लिहिलेलं असतं. चाळीस माणसांना मास्क वाटायचे, जॅकेटं बांधायची, एका-दोन शिड्यांवरून उतरवायचं आणि परत चढवायचं. हातात येतात वीस-पंचवीस मिनिटं. बोट थांबते ती कड्यालगत, तीन ते सहा मीटर पाण्यात. दिसतात ते मुख्यतः पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे, थोडे पोपटमासे, अधूनमधून मोठा शिंपला. प्रवाळ बऱ्याच ठिकाणी मोडलेले किंवा फिके. २०२४च्या उष्णतेत थायलंडभर प्रवाळ पांढरे पडले आणि काही सागरी उद्यानांतल्या जागा सरकारला बंद ठेवाव्या लागल्या. बोटीवरचा पोऱ्या पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करत असेल तर ते नियमाविरुद्ध आहे. गप्प बसून फोटो काढण्यापेक्षा त्याला थांबवा. बांबू आयलंडच्या कार्यक्रमात मात्र स्नॉर्केलिंग त्यातल्या त्यात बरं होतं. शेवटचा थांबा निवडता येत असेल तर खाईपेक्षा बांबूच घ्या. खाईला किनाऱ्यालगत मासे पुष्कळ, पण खुर्च्या, छत्र्या आणि माणसंही तितकीच.

साहित्य सहलीत धरलेलं असतं: मास्क, नळी, जॅकेट. फिन्स (पायात घालायची वल्ही) बहुधा भाड्याने, वर अनामत. मास्क धक्क्यावरच, घाई सुरू व्हायच्या आत निवडा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. सुटला तर दुसरा घ्या. पट्टा करकचून आवळणं हा उपाय नव्हे, उलट कडा वाकते आणि पाणी जास्त शिरतं. मास्कखाली केसांची बट अडकली तरी पाणी येतं. दाट मिश्या असतील तर नाकाखालून गळती ठरलेलीच. नाकाच्या अगदी खालची बारीक पट्टी भादरली की बराच फरक पडतो. चष्मेवाल्यांना मास्कखाली चष्मा घालता येत नाही. नंबरचे तयार मास्क बाजारात मिळतात, तो स्वतःचा न्यावा. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळा आणि एकदाच विसळा. नळीत पाणी गेलं तर डोकं वर काढून धडपडू नका. छातीतली हवा एका झटक्यात ‘फू’ करून सोडली की पाणी वरून उडून जातं. त्यासाठी छातीत हवा हवी, म्हणून श्वास पूर्ण सोडून तरंगत राहू नये.

पोहता येत नसेल तरी उतरता येतं, पण गाइडला आधी सांगा. तो रिंग धरून ओढत नेतो. जॅकेटचे सगळे बंद लावा, खांद्याकडून कुणाला तरी वर ओढून बघायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं, आणि ते बोटीवर आहे का हे धक्का सोडण्याआधी बघायचं. खाली टेकायला पाय शोधू नका: लांब काट्यांची समुद्री साळ (सी अर्चिन) कपारीत बसलेली असते. काटे ठिसूळ असतात, कोरून काढायला गेलं की आत तुटतात.

सनस्क्रीनबाबत कायदा कडक आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट, ४-मेथिलबेन्झिलिडिन कॅम्फर आणि ब्यूटिलपॅराबेन यांपैकी काहीही असलेली क्रीमं ऑगस्ट २०२१पासून थायलंडच्या राष्ट्रीय सागरी उद्यानांत बंद आहेत. दंड १ लाख बाथपर्यंत. झिंक ऑक्साइडचं क्रीम चालतं. पण पाण्यात पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, तिथे पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट) आणि लांब टाइट्स हाच पक्का उपाय.

जेवण फी फी डॉनवर बुफे: भात, नूडल्स, चिकन, भाज्या, कलिंगड. चव बेताची. ‘व्हेज’ म्हटलं तरी भाजीत फिश सॉस असू शकतो. शाकाहारींनी बुकिंग करतानाच ‘जे’ जेवण लिहून मागावं. त्यात मांस, मासे, अंडी, फिश सॉस काही नसतं, कांदा-लसूणही नसतो.

दरात काय धरलंय हे नीट वाचा. परदेशी पर्यटकांना राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क मोठ्यांना ४०० आणि मुलांना २०० बाथ आहे. स्वस्त दिसणाऱ्या सहलीत हे बहुधा वेगळं, आणि धक्क्यावर रोख मागतात. लांबच्या हॉटेलाहून गाडीचे जास्तीचे पैसे, फिन्स, टॉवेल, किनाऱ्यावरची खुर्ची हे सगळं मिळून स्वस्त आणि महाग सहलीतला फरक सहज पुसला जातो.

खरं स्नॉर्केलिंगच हवं असेल तर त्याच पैशांत थोडी भर घालून सिमिलान बेटांना जा. खाओ लाकजवळच्या थाप लामू धक्क्यावरून स्पीडबोटीला दीड तासाच्या आसपास. परदेशी मोठ्यांना शुल्क ५०० बाथ, आणि उद्यान फक्त १५ ऑक्टोबर ते १५ मे उघडं. पाणी पुष्कळ स्वच्छ, पण फुकेतहून दिवस लांबलचक होतो आणि गाडीतच येऊन-जाऊन तीन-चार तास जातात. बुकिंग फी फीचं असो की सिमिलानचं, पैसे देण्याआधी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या: बोटीत जास्तीत जास्त किती माणसं, धक्क्यावरून सुटायची वेळ, उद्यानशुल्क धरलंय का, आणि हवामानामुळे बोट रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की नुसतीच दुसरी तारीख. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर पुढच्या काउंटरवर जा. पन्नास पावलांवर तो असतोच.