मुंबईतील लहान कुरिअर व्यवसायासाठी विमा : कोणती पॉलिसी घ्यावी, कोणती टाळावी

कुरिअरवाल्याच्या गाळ्यात पडलेल्या मालापैकी त्याच्या स्वतःच्या मालकीचे जवळजवळ काहीच नसते, आणि 'दुकानदार पॅकेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत नेमकी हीच गोष्ट सुटते. मरोळमधील आमच्या कार्यालयाच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटने असेच पॅकेज पुढे केले होते. त्यात फर्निचर, काच, नामफलक आणि संगणक यांची चोख काळजी घेतलेली होती. पार्सलांचा मात्र उल्लेखही नव्हता. हप्ता कमी असण्याचे कारण तिथेच कळले.

पहिला विचार वाहकाच्या कायदेशीर जबाबदारीच्या पॉलिसीचा व्हायला हवा. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याने घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थेलाही सार्वजनिक वाहक मानले आहे, आणि माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर नसते. ग्राहकाने जास्त मूल्य जाहीर करून त्याप्रमाणे जादा आकार भरला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. म्हणजे 80 रुपयांच्या पार्सलमागे 800 रुपये. परंतु मूल्य जाहीर करून घेतलेल्या मोबाइलसाठी किंवा यंत्राच्या सुट्या भागासाठी हे गणित पार बदलते, आणि विम्याची रक्कम ठरवताना अशा पार्सलांचाच हिशेब धरावा लागतो.

या पॉलिसीचा दोष असा, की ती मुळात ट्रकवाल्यांसाठी बेतलेली आहे. तिच्या रूढ नमुन्यात वाहनाला आग लागल्याने किंवा अपघात झाल्याने मालाचे जे नुकसान होते, तेवढेच धरलेले असते. मुंबईतल्या कुरिअरचे नुकसान सहसा गाडी उलटल्याने होत नाही. ते वर्गवारीच्या टेबलावर एक पाकीट भलत्याच पिशवीत गेल्याने, किंवा डिलिव्हरीचा मुलगा चौथ्या मजल्यावर गेलेला असताना खाली दुचाकीला लटकवलेली पिशवी उचलली गेल्याने होते. म्हणून चोरी आणि माल न पोहोचणे या दोन गोष्टी जादा हप्ता भरून लेखी वाढवून मिळतात का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची रक्कम किती, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ती 5,000 रुपये असेल आणि बहुतेक पार्सले दोन-तीन हजारांची असतील, तर वर्षभर हप्ता भरूनही हाती काही येणार नाही.

'आमच्या ग्राहकांकडे स्वतःचा ट्रान्झिट विमा (वाटेत असलेल्या मालाचा विमा) आहे' या समाधानात फारसा अर्थ नाही. तो विमा माल पाठवणाऱ्याचा असतो. कंपनी त्याला भरपाई देते आणि त्याचे हक्क आपल्याकडे घेऊन तीच रक्कम कुरिअरकडून वसूल करू शकते. तुम्ही स्वतः ग्राहकांना असा विमा काढून देत असाल, तर क्लॉज ए, बी आणि सी या त्याच्या संरक्षणाच्या तीन प्रकारांतील फरक पाहावा. सी मध्ये जवळजवळ आग आणि वीज एवढेच येते, त्यामुळे शहरातल्या पार्सलांना तो निरुपयोगी आहे.

गाळ्यासाठी मात्र भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी चांगली वाटली. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती एकाच प्रमाणित स्वरूपात द्यावी लागते, एका ठिकाणच्या 5 कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ती लागू होते आणि पूर तिच्या मूळ संरक्षणातच येतो. 26 जुलै 2005 पाहिलेल्या शहरात हे फार मोलाचे आहे. विमा रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी त्यासाठी भरपाई कापली जात नाही. फक्त दुसऱ्याचा, विश्वासाने ताब्यात असलेला माल प्रस्तावात स्पष्ट नोंदवून घ्यावा. घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते आणि तिच्यात जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा मागितल्या जातात, त्यामुळे कामगारानेच माल लांबवला तर ती कामी येत नाही. त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी, म्हणजे कामगारांच्या अप्रामाणिकपणाविरुद्धचा विमा, आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या रोकडीसाठी मनी पॉलिसी घ्यावी लागते. सोने, हिरे आणि रोख रक्कम यांची पाकिटे घेऊच नयेत; ते काम अशी मौल्यवान पाकिटे पोचवणाऱ्या पारंपरिक अंगडियांचे आहे.

सर्वांत दुर्लक्षित बाब दुचाकींची आहे. मुले स्वतःच्या खासगी गाड्या वापरतात, आणि त्या गाड्यांच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, तसेच नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक वगळल्याचे छापलेले असते. पार्सलांची पिशवी पाठीवर असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा याच ओळीवर अडू शकतो. निदान नेहमीच्या फेऱ्यांसाठी व्यावसायिक नोंदणीच्या गाड्या ठेवाव्यात आणि मुलांसाठी वेगळा अपघात विमा काढावा. त्याचा हप्ता बाकी सगळ्या खर्चापुढे किरकोळ असतो.

एकल मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग असल्यास 50 लाख रुपयांपर्यंतच्या वादासाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि मुंबईचे लोकपाल कार्यालय सांताक्रूझला आहे. मात्र त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून एजंटशी फोनवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवावे.