१४३ कपडे, नऊ महिने आणि एक येणे बाकी

जूनमध्ये सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, गणपतीपर्यंत कपाट मोकळं होईल आणि पैसे पोचते होतील. आता फेब्रुवारी संपत आला. आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या दोन कपाटांतून १४३ नग बाहेर निघाले, त्यांचे ३४,१४० रुपये झाले आणि ते सगळे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेला दिले. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, ‘कसं केलंस गं?’ प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

धर्मशाळाच का, ते आधी. सासूबाईंचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले. आम्ही लोकलने संध्याकाळी घरी यायचो. बाकावर शेजारी बसणारी यवतमाळकडची माणसं मात्र जाणार कुठे? रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस आणि असे पाच-सहा आठवडे. एवढे दिवस मुंबईत राहायचं तर लॉज परवडत नाही आणि नातेवाइकांकडे तरी किती राहणार? त्यातल्या एक बाई नवऱ्याला घेऊन दादरच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. सासूबाईंना त्या रोज विचारायच्या, ‘आज जेवन गेलं का?’ सासूबाई गेल्यावर त्यांचं कपाट उघडायची वेळ आली, तेव्हा नाव आपोआप तेच सुचलं. आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा घालून हिंडलेल्या गाडगेबाबांच्या नावाच्या वास्तूला माझ्या जरीच्या साड्यांचे पैसे जावेत, यातली गंमत नंतर लक्षात आली.

पैसे कुठे जाणार हे आधी ठरवलं, हे या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी काम. दर दिवाळीला मी आवराआवर काढायची, कपडे पलंगावर यायचे आणि ‘राहू दे, होईल कधीतरी’ म्हणत संध्याकाळी परत आत जायचे. या वेळी प्रत्येक साडीला एक गिऱ्हाईक दिसत होतं आणि त्या पैशाला एक पत्ता होता. हात सैल सुटला.

आता विक्री. पहिली चूक म्हणजे जुने कपडे विकण्याचं एक ॲप. सगळे सांगत होते, फोटो टाका आणि विसरा. फोटो टाकायलाच दोन रविवार गेले. कुर्ते कुणी घेईना, कारण एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीचा एल असतो आणि मापाच्या चौकशीतच गिऱ्हाईक गळतं. साडेचारशेला गेलेल्या जॅकेटचे कमिशन आणि कुरिअर वजा जाऊन ३१२ हातात आले, तेही तीन आठवड्यांनी. एक ड्रेस ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून परत आला आणि परतीचा खर्च माझ्या माथी. अकरा नगांचे मिळून ४,१८० रुपये. वेळेचा हिशोब केला तर ही बिगारीच. सप्टेंबरमध्ये ॲप काढून टाकलं.

साड्यांचं मात्र तसं नाही. साडीला माप नसतं. ब्लाऊज बाजूला काढायचा (तो विकायचा प्रयत्नच करू नका), साडी प्रेस करून खिडकीजवळच्या उजेडात काठ आणि पदर दिसेल असा फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकायचा. सतरा साड्या गेल्या, १४,३०० रुपये आले. त्यातल्या बारा आहेरात आलेल्या, घडी न मोडलेल्या, फॉलसुद्धा न लावलेल्या. आपल्याकडे ‘उतरलेला कपडा’ घ्यायला अजून लोक कचरतात. वापरलेलं नाही म्हटलं की लगेच फोन येतो. आहेराची साडी या घरातून त्या घरात फिरत राहते, हे आपल्याला काय नवीन आहे? फक्त या वेळी तिने वाटेत पैसे कमावले.

यातला धोका सांगते. स्टेटस कोण कोण बघतं, हे टाकण्यापूर्वी तपासा. मोरपंखी साडी टाकली आणि दहा मिनिटांत मामेसासूबाईंचा फोन. ‘अगं, ही मी दिलेली ना, भाचीच्या लग्नात?’ मी गप्प. त्याच पुढे म्हणाल्या, ‘मलाही कुणी दिलेलीच होती. विक, विक.’ पण प्रत्येक मामेसासूबाई अशा नसतात.

नवरात्रात सोसायटीच्या हॉलमध्ये एक रविवार टेबल मांडलं. स्वेटर, लहान मुलांचे कपडे, पर्स, ओढण्या. कुणी विचारलं की मी धर्मशाळेचं सांगायची. मग लोक घासाघीस करायला लाजायचे, आणि काही जण काहीही न घेता शंभराची नोट ठेवायचे. ती नोट घ्यावी की नाही, असा मला प्रश्न पडला होता. नोटा घेतल्या, पण वहीत वेगळ्या लिहिल्या. त्या धरून दिवसाचे ५,२६० झाले. मोठ्यांचे वापरलेले कपडे मात्र शेजारपाजारी कुणी घेत नाही. उद्या लिफ्टमध्ये मीच समोर उभी असणार, मग माझा कुर्ता घालून कोण येईल?

सगळ्यात मोठं आश्चर्य माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. दोन्ही मुलांच्या शाळेतल्या गॅदरिंगचे आणि वेशभूषेचे सात पोशाख. शिवलेली नऊवारी, विठ्ठल, कोळीण, मावळा, लोकमान्यांची पगडी आणि उपरणं, असं बरंच काही. मी ते दोनशे-दोनशेला विकायला काढले होते. आषाढीच्या आदल्या रात्री खालच्या मजल्यावरची मुलगी आली, ‘काकू, उद्या शाळेत दिंडी आहे, विठ्ठल एक दिवस द्याल?’ तिच्या आईने परत करताना दीडशे रुपये हातावर ठेवले आणि माझी ट्यूब पेटली. विकले असते तर १,४०० मिळाले असते. भाड्याने दिले तर संपतच नाहीत. तीनशे अनामत, दीडशे भाडं. आषाढीनंतर १ ऑगस्टला टिळक, मग गोकुळाष्टमी, डिसेंबरात गॅदरिंगची झुंबड, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. नऊवारी तीच, कपाळावर आडवं कुंकू लावलं की सावित्रीबाई, डोक्यावरून पदर घेतला की जिजाऊ. ३९ वेळा पोशाख बाहेर गेले, ५,८५० रुपये आले. एकदा मावळ्याचा फेटा चहात बुडून परत आला, पण अनामत कापायचं धाडस मला झालं नाही. शाळांचं वेळापत्रक असं रोजच्या उपयोगाचं असतं, हे मुलं शाळेत असताना कधी कळलं नव्हतं.

आता जरीचं. हे नीट वाचा, कारण इथे फसवणूक होते. दारावर ‘जुन्या जरीच्या साड्या’ ओरडत येणारा माणूस साडीकडे बघून एकच आकडा सांगतो. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हल्लीच्या बहुतेक जरीत चांदीच्या जागी तांबं नाहीतर चक्क प्लॅस्टिक. त्यामुळे जुनी, काळवंडलेली, जड साडी दिसली की त्याचे डोळे चमकतात आणि तोंड वाकडं होतं. सासूबाईंच्या दोन साड्या घडीघडीवर चिरल्या होत्या, नेसणं शक्यच नव्हतं. दारावरच्या माणसाने दोन्हींचे मिळून ९०० सांगितले. चांदी तेव्हा किलोला लाखाच्या पुढे गेलेली. मी काठ आणि पदर कापून ओळखीच्या सराफाकडे नेले. त्याने कसोटीवर घासून, थोडा तुकडा जाळून, वजन करून ३,९०० दिले. ‘नऊशे तरी तुम्हाला घरी बसून मिळतील का?’ असं विचारून दारावरच्याने मला जवळजवळ पटवलं होतं. मधलं रेशीम गोधडीलाही चालत नाही, फाटत जातं. त्याचे दोन बटवे शिवले, बाकी गेलं.

बोहारणीचं थोडक्यात. नवऱ्याच्या पँटी आणि रोजच्या साड्या तिच्याकडेच द्याव्यात, दुसरं कुणी घेत नाही. ती प्रत्येक कपडा उजेडाला धरून बघते आणि भांडं देते, पैसे नाही. अर्धा तास हुज्जत घालून दोन पातेली मिळाली. बाजारात त्यांची किंमत ६५० होती. तेवढे पैसे मी पदरचे घातले आणि पातेली ठेवली. नवऱ्याने यावर बरीच चेष्टा केली, पण दूध त्याच पातेल्यात तापतं.

हिशोबाबद्दल दोन गोष्टी. सुरुवातीला लोक माझ्या नेहमीच्या खात्यावर पैसे पाठवायचे आणि ते भाजीच्या पैशांत मिसळायचे. दुसऱ्याच महिन्यात साडेसातशेचा घोळ झाला. मग पडून असलेलं एक बचत खातं फक्त यासाठी ठेवलं आणि देणगीची पावती सगळ्या गिऱ्हाइकांना फोटो काढून पाठवली. पावती बघून तिघी परत आल्या. दुसरं, देणगीवरची करसवलत (लोक तिला ८०जी म्हणतात). कपड्यांच्या रूपात दिलेल्या दानाला करसवलत नाही. दोन हजारांच्या वरची रोख रक्कमही चालत नाही. चेक किंवा बँकेतून द्यावी लागते, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर हा विषयच संपला. आम्ही नवीच घेतली आहे. इस्त्री आणि ड्रायक्लीनचे १,९०० घरातून गेले, ते मी ३४,१४० मधून वजा केलेले नाहीत.

१४३ मधले सत्तरेक नग कुणालाच नको होते. ते धुऊन, चांगल्या स्थितीतले तेवढे निवडून वाटले, बाकीच्यांची फडकी झाली. फाटकं दान करू नका, एवढंच म्हणेन. दुसऱ्याचा निवडण्याचा त्रास वाढतो.

तासांवर भागलं तर मला ताशी दोनशेसुद्धा सुटले नसतील. नवरा जूनमध्येच म्हणाला होता, ‘सरळ चेक लिही आणि मोकळी हो.’ त्याचं बरोबर होतं, पण सरळ चेक मी पाच हजारांचा लिहिला असता. आणि नऊ महिन्यांत नवीन साडी एकच घेतली. दुकानात हात पुढे गेला की डोक्यात फोटो, प्रेस, स्टेटस आणि ‘लास्ट किती?’ फिरायला लागतं.

राहिलं ते येणं. सासूबाईंचा लग्नातला शालू. जांभळा, अस्सल जर, पण पदराला तीन ठिकाणी गेलेला. सराफाने ५,००० सांगितले होते. पिशवीत भरला आणि वाटलं, वन्संना एकदा विचारावं. फोन केला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, ‘आईचा शालू जाळायला निघालीस?’ मी म्हटलं, ‘वन्सं, तुम्ही म्हणाल तसं. पण पैसे धर्मशाळेचे आहेत.’ ‘मग मी घेते. पाच हजारच ना? लिही वहीत.’

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कल्याणहून आल्या, शालू मांडीवर घेऊन तासभर बसल्या, चहा घेतला आणि घेऊन गेल्या. त्याला पाच महिने झाले. मागच्या रविवारी आल्या होत्या. वही टेबलावरच होती. त्यांनी चाळली, आपलं नाव वाचलं, आणि म्हणाल्या, ‘अक्षर किती वाईट गं तुझं.’