डीएसएचे प्रशिक्षणवर्ग: फी कशाची भरायची आणि कशाची नाही

युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट (ऑनलाइन सेवांवर मजकूर, जाहिराती वगैरेंबाबत बंधनं घालणारा कायदा), सगळ्यांच्या तोंडी डीएसए, १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्यामागोमाग तो शिकवणाऱ्यांचंही पीक आलं. अर्ध्या दिवसाचे वेबिनार, दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा, विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शेवटी पर्याय निवडायची परीक्षा. हे परीक्षण मजकूर-तपासणी, कम्प्लायन्स किंवा कायदा विभागात रोजचं काम करणाऱ्यांसाठी आहे. मत आधीच सांगून टाकतो: ज्या वर्गात स्वतः काही लिहावं किंवा मोजावं लागत नाही, त्याची फी पाण्यात गेली समजा. कायद्याची ९३ कलमं आणि १५६ प्रस्तावना-परिच्छेद युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ते वाचून दाखवायला कुणाला पैसे मोजायची गरज नाही.

वेबिनारचा साचा ठरलेला. पहिल्या स्लाइडवर सहा टक्के दंड, दुसरीवर चार थरांचा पिरॅमिड (मध्यस्थ सेवा, होस्टिंग सेवा, ऑनलाइन प्लॅटफॉर्म, अतिविशाल प्लॅटफॉर्म; वर जावं तशी बंधनं वाढतात), मग अतिविशाल ठरवणारी साडेचार कोटी वापरकर्त्यांची मर्यादा आणि उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं. संचालक मंडळाला तोंडओळख करून द्यायला एवढं चालतं. दंडाची भीतीही अर्धवटच घातली जाते. सहा टक्के ही जागतिक वार्षिक उलाढालीवरची कमाल मर्यादा. चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर कमाल एक टक्का. आदेश पाळेपर्यंत चढत जाणारा दंड सरासरी दैनंदिन उलाढालीच्या पाच टक्क्यांपर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला (पूर्वीचं ट्विटर) १२ कोटी युरोंचा दंड झाला त्याची कारणं होती निळ्या खुणेची फसवी रचना, जाहिरात-संग्रहातल्या त्रुटी आणि संशोधकांना सार्वजनिक डेटा मिळू न देणं. यातलं एकही कारण अमुक पोस्ट काढली की ठेवली याबद्दल नव्हतं. तरी वेबिनारमध्ये निम्मा वेळ ‘काय काढायचं’ यावरच जातो.

पिरॅमिड दाखवताना हमखास निसटणारं वाक्य म्हणजे ‘छोट्या कंपन्यांना सूट आहे’. ५० पेक्षा कमी कर्मचारी आणि उलाढाल किंवा ताळेबंद एक कोटी युरोंच्या आत असलेल्यांना कलम १९ सूट देतं हे खरं, पण ती ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या जादा बंधनांपुरती: अंतर्गत तक्रारव्यवस्था, ट्रस्टेड फ्लॅगर (ज्यांच्या नोटिसांना प्राधान्य द्यायचं अशा मान्यताप्राप्त संस्था), जाहिरातींचं लेबल वगैरे. बेकायदेशीर मजकुराबद्दलची नोटीस घेण्याची यंत्रणा (कलम १६) आणि निर्णयाची कारणं कळवणं (कलम १७) ही होस्टिंग सेवेची, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या सेवेची, कामं आहेत. ती दहा माणसांच्या कंपनीलाही चुकत नाहीत. प्रशिक्षक हा फरक आपणहून सांगतो का, हे पहिल्या तासातच कळतं.

पैसे वसूल होतात ते कार्यशाळेत, आणि तेही नोटीस व स्टेटमेंट ऑफ रीझन्स (कारवाईची कारणं वापरकर्त्याला कळवणारं निवेदन) या दोन सरावांवर. चांगली कार्यशाळा कच्ची नोटीस हातात देते. समजा: ‘हा विक्रेता बनावट बूट विकतो, ताबडतोब बंद करा’, सोबत विक्रेत्याच्या मुखपृष्ठाची लिंक आणि एक ईमेल. कलम १६ ला काय लागतं? मजकूर बेकायदेशीर का याचं सकारण स्पष्टीकरण, नेमकी यूआरएल, नाव आणि ईमेल (बाल लैंगिक शोषणाच्या प्रकरणात यातून सूट), आणि माहिती सद्भावनेने दिल्याचं विधान. या नोटिशीत दोन तरी गोष्टी नाहीत. म्हणून ती कचऱ्यात टाकायची? इथे निम्मा वर्ग चुकतो. ईमेल दिलाय म्हणजे पोच विनाविलंब द्यावीच लागते. वेगळा प्रश्न असा, की अशा नोटिशीने कंपनीला ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली का (ती होऊनही गप्प बसलं तर इतरांच्या मजकुराच्या दायित्वातून मिळणारी सूट जाते). कायद्याची कसोटी आहे ती सजग कंपनीला सखोल कायदेशीर तपासणीशिवाय बेकायदेशीरपणा ओळखता येतो का, ही. मुखपृष्ठाच्या लिंकवरून तो ओळखता येत नाही, पण पुढच्या मेलमध्ये उत्पादनाची लिंक आणि ट्रेडमार्कचा तपशील आला की चित्र बदलतं. दोन नोटिसा शेजारी ठेवून हा फरक शिकवणारा प्रशिक्षक मिळाला तर सोडू नका.

मग स्टेटमेंट ऑफ रीझन्स, कामाच्या भाषेत एसओआर. पहिला मसुदा बहुतेकांचा असा असतो: ‘आपली पोस्ट समुदाय नियमांचं उल्लंघन करत असल्याने काढण्यात आली आहे.’ कलम १७ समोर ठेवून हा मसुदा तपासला की भोकं दिसू लागतात. पोस्ट काढली, लपवली की क्रमवारीत खाली ढकलली? कुठल्या देशांत, किती काळासाठी? कुठल्या तथ्यांवरून? नोटिशीवरून की स्वतःहून केलेल्या तपासणीतून? शोधताना किंवा निर्णय घेताना स्वयंचलित साधन वापरलं का? नियमाचं नेमकं कलम कुठलं आणि हा मजकूर त्यात कसा बसतो? दाद कुठे मागायची? नोटीस देणाऱ्याची ओळख मात्र अगदी आवश्यक असेल तरच उघड करायची. बौद्धिक संपदेच्या प्रकरणात ती लागू शकते, छळाच्या तक्रारीत ती उघड करणं घातक.

या सरावात लोक सर्वाधिक अडखळतात ते ‘बेकायदेशीर’ की ‘अटींविरुद्ध’ या निवडीवर. दोन्हींवर टिक मारून मोकळं व्हायचा मोह होतो. पण बेकायदेशीर म्हटलं की कायदेशीर आधाराचा उल्लेख आणि त्याचं स्पष्टीकरण आलं, आणि ते करायला मजकूर तपासणाऱ्याकडे बहुधा वेळही नसतो, अधिकारही नसतो. आणखी एक गोष्ट निम्म्या वर्गांत येतच नाही: एसओआर फक्त मजकूर काढण्यापुरतं नाही. पोहोच कमी करणं, कमाई थांबवणं, खातं स्थगित करणं, सगळ्यालाच ते लागतं. गुपचूप पोहोच आवळून गप्प बसायची सोय या कायद्याने संपवली आहे. अपवाद मोजके: वापरकर्त्याचा इलेक्ट्रॉनिक पत्ता माहीत नसेल, मोठ्या संख्येने टाकलेला फसवा व्यावसायिक मजकूर असेल, किंवा प्राधिकरणाच्या आदेशावरून कारवाई झाली असेल.

तयार एसओआर ट्रान्सपरन्सी डेटाबेसमध्ये, म्हणजे युरोपीय कमिशनच्या सार्वजनिक नोंदसंग्रहात, पाठवणं हा कंटाळवाणा आणि म्हणूनच मोलाचा भाग. डेटाबेसच्या एपीआयला (एका प्रणालीतून थेट नोंदी पाठवायची सोय) चाचणीसाठी सँडबॉक्स, म्हणजे सरावाची वेगळी जागा, आहे. वर्गात तो उघडून एक तरी नोंद पाठवून दाखवली जाते का, हे नोंदणीआधीच विचारा. स्वयंचलित शोधासाठी हो किंवा नाही, पण स्वयंचलित निर्णयासाठी ‘पूर्ण’, ‘अंशतः’ आणि ‘नाही’ असे तीन पर्याय असतात. यंत्राने खूण केली आणि माणसाने बटण दाबलं, तर काय निवडायचं यावर कंपनीअंतर्गत लिखित व्याख्या नसेल तर प्रत्येक पाळी वेगळं उत्तर भरते, आणि पारदर्शकता अहवालाचे (मजकुरावरच्या कारवाईची आकडेवारी जाहीर करणाऱ्या अहवालाचे) आकडे जुळेनासे होतात. नोंदीत वैयक्तिक माहिती जाऊ द्यायची नसते. मोकळ्या मजकुराच्या रकान्यात कुणीतरी वापरकर्त्याचं नाव चिकटवतंच, तेव्हा गाळणी पाठवण्याआधी हवी. अहवालाचा एकसारखा नमुना ठरून १ जुलै २०२५ पासूनची आकडेवारी त्यानुसार गोळा करायची आहे. जुन्या नमुन्यावर सराव देणारा वर्ग अजूनही दिसतो. असा वर्ग घेऊ नका.

तक्रारव्यवस्थेचा तास साधारण बरा असतो. निर्णय कळवल्यापासून किमान सहा महिने तक्रारीचा मार्ग खुला हवा आणि तिचा निकाल केवळ यंत्राने लावता येत नाही, हे सगळेच सांगतात. नोटीस देऊनही कारवाई झाली नाही म्हणून नोटीस देणाराही याच व्यवस्थेत तक्रार करू शकतो, हे मात्र विसरलं जातं, आणि मग टूल बनवताना त्याच्यासाठी बटणच ठेवलेलं नसतं. न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या प्रमाणित संस्थांचं गणितही विचारून घ्या: त्यांचा निकाल बंधनकारक नाही, पण प्लॅटफॉर्म हरला तर फी त्याच्याच माथी, आणि जिंकला तरी वापरकर्त्याने उघड खोडसाळपणा केला नसेल तर त्याच्याकडून खर्च वसूल होत नाही. मुदत ९० दिवस, गुंतागुंतीच्या प्रकरणात एकूण १८० पर्यंत. किती प्रकरणं येतील आणि त्यापायी किती खर्च होईल याचा तक्ता मांडायला लावणारी कार्यशाळा विरळाच.

वापरकर्ते मोजण्याचा तासही असाच. दर सहा महिन्यांनी युरोपीय संघातल्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांची सरासरी जाहीर करावी लागते, आणि नोंदणीकृत खाती म्हणजे वापरकर्ते नव्हेत. खातं न उघडता बघणाराही धरायचा असतो. झालांडो या ऑनलाइन फॅशन विक्रेत्या कंपनीचं प्रकरण यावर उत्तम शिकवता येतं. कंपनीचं म्हणणं होतं सुमारे तीन कोटी, कमिशनने धरले ८.३ कोटींहून अधिक. स्वतःचा माल बघणारे आणि इतर विक्रेत्यांचा माल बघणारे कंपनीला वेगळे काढून दाखवता आले नाहीत, म्हणून ३ सप्टेंबर २०२५ रोजी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने अतिविशाल ठरवण्याविरुद्धचा तिचा अर्ज फेटाळला. ॲनालिटिक्स आधीपासून वेगळं ठेवायचं हा त्यातला कामाचा भाग, आणि तो ऐकायला इंजिनिअर वर्गात हवेत. नुसते वकील पाठवून भागत नाही.

विद्यापीठांचे वर्ग जोखीम-मूल्यांकनावर (कलम ३४) सरस असतात. मूलभूत हक्क, निवडणुका, मुलांचं हित यांवरची चर्चा सखोल होते, आणि २९ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या संशोधक-डेटा नियमांचा अर्थ तिथलेच लोक नीट लावतात. मात्र तुमची सेवा साडेचार कोटींच्या खाली असेल तर यातलं बहुतेक तुम्हाला लागू नाही. वर असेल तर वेळापत्रकावर भर देणारा वर्ग शोधा: ऑडिट दरवर्षी, ऑडिटच्या शिफारशींवरचं उत्तर महिन्याभरात, आणि ऑडिट अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत सगळं सार्वजनिक.

साहित्य किती ताजं आहे हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: रुसमेडिया निकाल शिकवता का? डिसेंबर २०२५ च्या या निकालात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की जाहिराती प्रसिद्ध करणारी ऑनलाइन बाजारपेठ त्यांतल्या वैयक्तिक माहितीसाठी जीडीपीआरखाली (युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा) जबाबदार ठरते आणि होस्टिंगची सूट दाखवून त्यातून सुटता येत नाही. निकाल जुन्या ई-कॉमर्स निर्देशावरचा असला तरी डीएसएच्या दायित्वसुटीचा तास त्याच्याशिवाय अपुरा. त्या तासाला २०११ च्या लॉरिएल विरुद्ध ईबे निकालावरच गाडी थांबत असेल तर स्लाइड बऱ्याच वर्षांपूर्वीच्या आहेत.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नव्या माणसाला शब्द ओळखीचे करून देतात, तेवढंच.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. काही वर्ग ‘डीएसए कम्प्लायन्स ऑफिसर’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र देतात आणि फी त्यावर चढवतात. कलम ४१ नुसार असा अधिकारी फक्त अतिविशाल प्लॅटफॉर्म आणि सर्च इंजिनांना नेमावा लागतो. त्याला व्यावसायिक पात्रता, ज्ञान, अनुभव आणि क्षमता हवी एवढंच कायदा सांगतो. कुठलीही ठरावीक परीक्षा तो मागत नाही. तेव्हा प्रमाणपत्राचे पैसे वेगळे मागत असतील तर ते वगळून दर विचारा, आणि त्याऐवजी तुमच्या कंपनीचे खरे एसओआर, नावं पुसून, वर्गात तपासून मिळतील का ते बघा.