संखेड्याच्या जुन्या पाळण्याची दुरुस्ती आणि लाखकाम

लाख चढवलेल्या सागवानी लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातेतल्या संखेडा गावचा पाळणा किंवा झोपाळा वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही आढळतो, परंतु त्याची डागडुजी कोणाकडून करून घ्यावी, येथे बहुतेकांचे अडते. आमच्या आजोळचा सागवानी पाळणा घरात येणाऱ्या बाळासाठी नीट करून घेण्याचे ठरले, तेव्हा शहरातल्या एका पॉलिशवाल्याने तो रसायनाने धुऊन वर पीयूचा (पॉलियुरेथेन या चकचकीत लेपाचा) स्प्रे मारून देण्याची तयारी दाखवली. आम्ही तो सुमारे 45 किलोमीटरवरच्या संखेड्यालाच नेला. ज्या खराडी (लेथवर लाकूड कातणाऱ्या) कारागीर काकांनी तो दुरुस्त केला, त्यांनी आपले नाव जाहीर न करण्याची विनंती केली आहे, म्हणून येथे फक्त त्यांच्या कामाविषयी लिहीत आहे.

पाळण्यावर मधल्या काळात घरातल्या कोणीतरी तपकिरी ऑइल पेंट चढवला होता. काकांनी एका खांबाच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा पात्याने हळूहळू खरवडली, तेव्हा खालून गडद तांबडी पार्श्वभूमी आणि तिच्यावरची सोनेरी वेल दिसू लागली. जिथे लाखेला तडा गेला होता, तेवढीच वेलीची रेघ करडी पडली होती. ‘आ तो लाखनुं काम छे, आना पर ऑइल पेइंट न चाले,’ एवढेच ते म्हणाले आणि संपूर्ण पाळणा रसायनाने धुण्यास त्यांनी स्वच्छ नकार दिला. या नकारामुळेच त्यांच्यावर आमचा विश्वास बसला.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संखेड्याच्या परंपरागत पद्धतीत कथील कुटून सरसात (चिकट खळीत) मिसळतात, त्याने कातीव लाकडावर कुंचल्याने हातानेच नक्षी काढतात आणि ती अकीकाच्या दगडाने घोटतात. मग लाकूड लेथवर फिरत असताना त्यावर लाख चढवतात, आणि उष्णतेने ती पसरली की खालचे रुपेरी कथील सोन्यासारखे दिसू लागते. शेवटी केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे पेंट काढणाऱ्या तीव्र रसायनाबरोबर लाखही निघून येते आणि नक्षी उघडी पडते.

पाळण्याच्या बाबतीत याहून गंभीर मुद्दा शिशाचा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) अधिक नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता बरीच असते, आणि दात येणारे मूल पाळण्याचा गज चावणारच. आम्ही हे सांगितल्यावर काकांनी मशीनचा घासकागद बाजूला ठेवला, पृष्ठभाग ओला करत रंग हाताने खरवडला आणि निघालेला चोथा पिशवीत भरून वेगळा ठेवला. हे काम कंटाळवाणे होते, तरी त्यांनी त्यात कुठेही घाई केली नाही.

जोडकाम तर अप्रतिम झाले आहे. कोणीतरी पूर्वी ठोकलेले खिळे त्यांनी काढले, खांब सुटे केले, ढिल्या कुसवांना (भोकात बसणाऱ्या लाकडी टोकांना) सागाची पातळ पट्टी चिकटवून ती पुन्हा भोकांत घट्ट बसवली. मोडलेला एक गज त्यांनी जुन्या गजाची मापे कॅलिपरने घेत नव्याने कातला. आता भरलेला पाळणा झुलवला तरी चौकट जराही करकरत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. नव्या गजाचा लाल रंग शेजारच्या गजांपेक्षा भडक आहे आणि जवळून पाहिल्यास तो ओळखू येतो. सगळे गज पुन्हा रंगवले असते तर रंग एकसारखा झाला असता, पण जुनी नक्षी गेली असती, म्हणून हा फरक आम्ही आनंदाने पत्करला. सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशीर बराच झाला, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लाखकाम नीट बसत नाही हे कारण काम घेतानाच सांगितले असते तर बरे झाले असते. खर्च नव्या पाळण्याच्या निम्म्याहून अधिक आला. हाताने केलेली मेहनत पाहता मला तो वाजवी वाटतो, परंतु केवळ पैसे वाचवण्यासाठी दुरुस्ती करू पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

एक गोष्ट मात्र खटकली. झिजलेल्या पितळी कड्यांच्या जागी आम्हाला न विचारता स्टीलच्या कड्या लावल्या होत्या. जुन्या कड्या मागताच परत मिळाल्या आणि वजन पेलण्याच्या दृष्टीने नव्या अधिक मजबूत आहेत हेही पटले, तरी आपले सामान देताना कड्या, साखळ्या आणि पट्ट्या यांची यादी लिहून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.