मजकुराला मुखवटा चढवणारं प्लगइन: नऊ महिने वापरल्यावर

कुंडीतल्या झाडांवर मी सात वर्षं लिहिते आहे. एकेक करत 184 लेख झाले. त्याच विषयाची दुसरी साइट काढली तेव्हा हेच लेख तिथेही टाकावेत असं डोक्यात आलं, पण तोच मजकूर दोन ठिकाणी सापडला की गूगल शिक्षा करतं, ही भीती मनात पक्की बसलेली होती. म्हणून पदरमोड करून वर्डप्रेससाठी, म्हणजे माझा ब्लॉग ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासाठी, एक सशुल्क प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) घेतलं. त्याचा दावा असा की तुमचा जुना लेख सर्च इंजिनला नवा कोरा वाटेल. त्याचं नाव मी देणार नाही, कारण याच जातीची प्लगइन बाजारात ढिगानं आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळी हेच करतात.

बसवायला सोपं होतं, हे मान्य करते. दहा मिनिटांत चालू झालं. त्यात तीन मुख्य कळा होत्या. पहिली समानार्थी शब्द घालून वाक्यं बदलायची. दुसरी परिच्छेदांची आणि शीर्षकांची उलटापालट करायची. तिसरी शब्दांच्या आत न दिसणारी अक्षरं पेरायची. चौथीही एक होती, गूगलच्या बॉटला (वेबवरची पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) एक पान आणि माणसाला दुसरं पान दाखवणारी. ती मी कधीच चालू केली नाही. तिला क्लोकिंग म्हणतात आणि गूगलच्या नियमांत ती सरळसरळ फसवणूक धरली जाते, एवढं मला माहीत होतं. बाकीच्या तिन्ही कळांमागचा हेतूही तोच आहे, हे मात्र तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

पहिले दोन महिने मी खूश होते. दुसऱ्या साइटची पानं इंडेक्स होत होती, म्हणजे गूगलच्या सूचीत जात होती, थोडे वाचकही येत होते. त्या काळात मी बदललेले लेख उघडून वाचलेच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

वाचले ते एका वाचकाचं पत्र आल्यावर. त्यांनी विचारलं होतं, ‘महिन्यातून एकदा पत्र घाला, म्हणजे नक्की काय करायचं?’ मी लेख उघडला. मूळ वाक्य होतं, ‘महिन्यातून एकदा खत घाला.’ प्लगइनच्या कोशात खत म्हणजे पत्र. त्याच लेखात ‘पान पिवळं पडलं’चं ‘पृष्ठ पिवळं पडलं’ झालं होतं. ‘मूळ कुजलं असेल तर’ याचं ‘उगम कुजलं असेल तर’. ‘आठवडाभर वाट पाहा’ हे ‘आठवडाभर रस्ता पाहा’ झालं होतं आणि ‘पाण्याला वाट मोकळी राहील’च्या जागी ‘पाण्याला रस्ता मोकळी राहील’. वाट स्त्रीलिंगी, रस्ता पुल्लिंगी, मग क्रियापद, विशेषण सगळंच फिरतं, पण प्लगइन फक्त शब्द उचलतं. त्यातून आपल्या भाषेत नाम विभक्तीत गेलं की त्याचं सामान्यरूप होतं. ‘मुळांना’, ‘पानांवर’, ‘मातीतलं’ हे शब्द कोशात नसल्यानं ते तसेच राहिले. एकाच परिच्छेदात वर ‘उगम’ आणि खाली ‘मुळांना’. वाचणाऱ्याला वाटावं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुणीतरी माझ्या भरवशावर झाडाला काय घालायचं ते वाचत होतं आणि मी त्याच्या हातात हे दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

न दिसणाऱ्या अक्षरांचा प्रकार आणखी वाईट. रोमन लिपीत ती खपून जात असतील, देवनागरीत नाही. ‘पद्धत’मधल्या द आणि ध यांच्यामध्ये शून्य रुंदीचं अक्षर घुसवलं की जोडाक्षर फुटतं आणि पाय मोडलेला द वेगळा उभा राहतो. काही शब्द डोळ्यांना ठीक दिसायचे, पण त्या साइटच्याच शोधपेटीत ‘कुंडी’ टाकलं तर त्या लेखांपैकी एकही सापडत नव्हता. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका वाचकानं कळवलं की शब्द मध्येच तुटून ऐकू येतात. ज्याला पान डोळ्यांनी वाचता येत नाही, त्याला माझा लेख त्या मुखवट्यामुळे कानांनीही धड ऐकता येत नव्हता.

एवढं करून सर्च इंजिन फसलं का? पाचव्या महिन्यात सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन, नीट पाहिलं. दुसऱ्या साइटच्या 184 पानांपैकी 31 इंडेक्समध्ये होती. बाकी बहुतेकांवर शेरा एकच, की क्रॉल केलं आहे (बॉट पान वाचून गेला आहे), पण सध्या इंडेक्स केलेलं नाही.

मग मी मुळापासून वाचायला घेतलं. जवळपास सारखी पानं ओळखायची विद्या जुनी आहे. आंद्रेई ब्रॉडर यांनी 1997 साली, आल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनच्या काळात, शिंगलिंगची पद्धत मांडली. लेखातले लागोपाठचे काही शब्द घेऊन एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे, छपरावरच्या कौलांसारखे, आणि दोन लेखांत असे किती तुकडे सामाईक आहेत ते मोजायचं. परिच्छेद वर-खाली केले तरी त्यांच्या आतले तुकडे तेच राहतात, त्यामुळे माझी दुसरी कळ तिथेच निकामी. पुढे 2007 साली गूगलमधल्या संशोधकांनी एक निबंध मांडला. त्यात प्रत्येक पानाचा 64 बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या 64 अंकांचा, ठसा काढतात. दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी बिटांचा फरक असेल तर ती पानं जवळपास सारखी धरायची, आणि हे आठ अब्ज पानांच्या साठ्यालाही झेपतं, असं त्यांनी दाखवलं. न दिसणारी अक्षरं तुलनेआधी गाळून टाकणं तर कुठल्याही प्रोग्रामला एका ओळीचं काम आहे. समानार्थी शब्द पुरेसे बदलले तर ठसा बदलतो, हे खरं. पण तेवढे शब्द बदलेपर्यंत लेख वाचण्याच्या लायकीचा उरत नाही, आणि सुमार मजकुराची पानं खाली ढकलण्यासाठी गूगलनं पांडा अपडेट आणलं त्याला 2011 पासून कितीतरी वर्षं झाली आहेत.

खरा धक्का वेगळाच होता. ज्या भीतीपोटी मी हे सगळं केलं, ती भीतीच चुकीची होती. गूगलनं 2008 मध्येच जाहीर सांगितलं होतं की साध्या दुबार मजकुराला शिक्षा नसते. सारखी पानं एका गटात बांधली जातात आणि त्यातलं एक दाखवलं जातं. गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी 2013 मध्ये म्हटलं होतं की वेबवरचा पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिक मजकूर दुबारच असतो. शिक्षा आहे ती लपवाछपवीला. मार्च 2024 मध्ये स्पॅमचे नियम नव्यानं मांडले तेव्हा ढिगानं पानं काढण्यावरच्या नियमात समानार्थी शब्द घालणं, यांत्रिक भाषांतर करणं, मजकूर ओळखू येऊ नये अशा युक्त्या करणं, हे सगळं नाव घेऊन आलं आहे. म्हणजे ज्या गोष्टीला शिक्षा नव्हती ती झाकायला मी शिक्षा असलेली गोष्ट केली.

आणि फटका माझ्या जुन्या ब्लॉगलाच बसला. 14 लेखांच्या नकलांवर मी फक्त न दिसणाऱ्या अक्षरांची कळ चालवली होती. ते लेख आणि त्यांच्या नकला एका गटात गेल्या आणि त्यातली नक्कल अस्सल म्हणून निवडली गेली. सात वर्षांचे माझे लेख शोधात दिसेनासे झाले. मुळं कुजण्यावरचा माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख त्यातलाच.

प्लगइन बंद केलं की मजकूर पूर्ववत होईल, असं मला वाटलं होतं. होत नाही. बदललेला मजकूर ते डेटाबेसमध्येच लिहितं. शेवटी प्रत्येक नकलेवरून मूळ लेखाकडे 301 रीडायरेक्ट (कायमचं दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी सूचना) लावलं, एकेक पान हातानं तपासून. तीन आठवडे रोज संध्याकाळ त्यातच गेली. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

याच कामात कळलं की दुबार मजकुराचा थोडाफार प्रश्न खुद्द जुन्या ब्लॉगवर होता आणि तो वर्डप्रेसच्या रचनेतूनच येतो. एक लेख विभाग, टॅग, तारीख आणि लेखक अशा चार संग्रहपानांवर दिसतो. लिहिणारी मी एकटी, त्यामुळे लेखकाचं पान आणि मुखपृष्ठ जवळपास एकच. शिवाय प्रत्येक चित्राचं स्वतंत्र पान. नव्या साइटवर ही चित्रपानं 6.4 आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर 2023 पासून, मुळात बंद असतात, पण जुन्या साइटवर चालूच राहतात. त्यावर मुखवटा लागत नाही, खूण लागते. अस्सल पान कोणतं ते सांगणारा कॅनॉनिकल टॅग 2009 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणला, आणि त्याच वर्षअखेरीच्या 2.9 आवृत्तीपासून वर्डप्रेस तो लेखांना आपोआप लावतं. मी एक साधं मोफत एसईओ प्लगइन (सर्च इंजिनात साइट नीट दिसावी यासाठीचं) घेऊन लेखक आणि तारखेची पानं नोइंडेक्स केली, म्हणजे ती सूचीत घेऊ नका अशी खूण लावली, चित्रपानं मूळ लेखाकडे वळवली. टॅगची पानं मात्र बरेच दिवस हलेनात, कारण ती मी रोबोट्स फाइलमध्येही, म्हणजे बॉटनं कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्येही, अडवून ठेवली होती. बॉटला पान उघडताच येत नसेल तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? फाइलमधली ती ओळ काढल्यावर काम झालं.

मुखवट्याच्या प्लगइनला माझ्याकडून एकही तारा नाही. तुम्ही ते कार्टमध्ये टाकून हे वाचत असाल, तर आधी तुमचा एक लेख त्यातून काढून मोठ्यानं वाचून पाहा.

दुसरी साइट मी बंद केलेली नाही. तिथे आता नऊच लेख आहेत, सगळे नव्यानं लिहिलेले, वाचकांनी विचारलेल्या एकेका प्रश्नावर. पहिला लेख खत कधी आणि किती घालायचं यावर आहे आणि तो मी त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकाला आधी पाठवला. गेलेल्या 14 लेखांपैकी 12 सात आठवड्यांत शोधात परतले. तेरावा काल दिसला. मुळं कुजण्यावरचा अजून यायचा आहे.