खुल्या आरोग्य-आकडेवारीचे संकेतस्थळ : आठवडाभराचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील ॲनिमियावर टिपण लिहिताना खुल्या आकडेवारीचे एक संकेतस्थळ मी आठवडाभर वापरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) जिल्हावार आकडे तेथे विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय. शोधपेटी मात्र ‘सातारा’ म्हणताच पर्जन्यमानाचे तक्ते पुढे करते. फाइलमधील काही आकडे कंसात असतात, काहींच्या जागी नुसते तारांकन असते. कंस म्हणजे अवघ्या २५ ते ४९ नोंदींवर बेतलेला अंदाज आणि तारांकन म्हणजे त्याहूनही कमी नोंदी, हा खुलासा तळटीपेत दडलेला असल्याने सहज सुटतो. शिवाय एक्सेल कंसातला आकडा उणे समजते, त्यामुळे माझी सरासरी (हसू नये) शून्याखाली गेली. माण आणि महाबळेश्वर या तालुक्यांची तुलना करू पाहणाऱ्यांनी येथे वेळ दवडू नये, कारण हे सर्वेक्षण जिल्ह्यापाशीच थांबते.